बाहीवरचं रक्त

वाकळेसाठी बांधून ठेवलेलं जुन्या कपड्यांचं गाठोडं शिवकन्येनं सोडलं, त्यातून एक सदरा ओढून काढला आणि त्रिंबक जमादारापुढं पसरला. बाहीवर वाळलेल्या रक्ताचा तपकिरी डाग होता.

"ह्यांचा हाय," ती म्हणाली.

शहाण्णवच्या पावसाळ्यात कुंडलिकेला लोंढा आला आणि नवाकोरा टेंपो वाहून गेला. आत तिचा नवरा केदारनाथ आणि दीर वीरेश, दोघं जुळे भाऊ. चौथ्या दिवशी एकच देह सापडला. चेहरा पाण्यानं पुसून टाकलेला. दवाखान्यात त्याचं रक्त काढून ठेवलं. सासूनं, बसम्मानं, लेकाला न्हाऊ घातलं, आणि लिंगायतांच्या रीतीप्रमाणं बसता करून, नाव न घेताच, त्याला मातीत ठेवलं.

"पर जुळ्यांचं रक्त येकच की, जमादार?"

"न्हाई वहिनी. डाक्टर म्हनला, येका कुशीतून आले तरी ज्यानं त्यानं काढलेली दुखणी निराळी. गोवर, कावीळ, हिवताप… अंग ज्याच्याशी झुंजलं त्याची खूण रक्तात ऱ्हाती. हैदराबादेत नवी तपासणी निघालीय. डाग जुळला, तर गेला तो केदार. न्हाई जुळला, तर वीरेश." तो बसम्माकडं वळला. "काकू, रक्त केदारचंच ना? तुमी सांगा, म्हंजी लिवतो."

बसम्मानं बाही हातात घेतली. मळणीयंत्रावर वीरेशचा हात खरचटला, त्या दिवशी त्याच्या अंगात भावाचा हाच सदरा होता. शिवकन्या तेव्हा धारूरला, माहेरी. आणि न्हाऊ घालताना केसांखाली बोटाला लागलेली ती जुन्या खोकेची खूण… लहानपणी माळवदावरून पडला होता तो केदार. हे तिनं अजून कुणाजवळ काढलं नव्हतं. रक्त केदारचं म्हणून लिहिलं, तर डाग जुळणार नव्हता, आणि गेलेला ठरणार होता वीरेश.

शिवकन्येचं कुंकू घामानं ओघळलं होतं. ती सासूच्या तोंडाकडं बघत होती.

"केदारचंच," बसम्मा म्हणाली.

त्रिंबकनं सदरा कागदात गुंडाळला, सुतळीनं बांधला आणि तो गेला.

"आत्याबाई, माजं मन सांगतंय, ह्ये येतील," शिवकन्या म्हणाली. पंधरा दिवसांत पहिल्यांदा तिनं आपणहून चूल पेटवली. भाकरी थापल्याचा आवाज घरभर झाला.

संध्याकाळची बीडची गाडी फाट्यावर थांबली. वीरेश उतरेल, या आशेनं बसम्मा रोज या वेळी उंबऱ्यात उभी राही. माणसं उतरल्याची गलबल ऐकू आली.

बसम्मा उठली, आणि तिनं दार लावून घेतलं.