सोनेरी बगळे

आमच्या घरात पिक्चर उलटा दिसायचा. थिएटरच्या पडद्यामागे दोन खोल्या होत्या, त्यांत आम्ही राहायचो. पडद्याला बारीक बारीक भोकं असतात, त्यामुळे मागच्या बाजूलाही चित्र उमटतं, फक्त डावं-उजवं बदलून. आमच्याकडचे सगळे नायक डावखुरे. भांडी घासता घासता मी कितीतरी खलनायक मरताना पाहिले, पण पडद्यावरचं एक नाव कधी धड वाचता आलं नाही. मुलगी तर शाळेत जायला लागली तरी अक्षरं उजवीकडून काढायची. मास्तरांनी बोलावून घेतलं तेव्हा मी सगळं खापर तिच्या बापावर फोडलं.

खापर फोडायला तो माणूस सोयीचाच होता. सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात. मीही म्हणते, रागावले की जास्तच. थिएटरचं सुतारकाम, रंगकाम, नळ, खुर्च्या, सगळं त्यांच्या गळ्यात. बाल्कनीत एक खुर्ची करकरली तर यांना झोप नाही, आणि घरातला नळ गळून गळून मोरीत शेवाळं साचलं तरी ढिम्म. "तुमचं लग्न माझ्याशी झालंय की थिएटरशी?" असं मी विचारायचे. ते खरंच विचार करून सांगायचे, "थिएटरशी आधी झालं होतं."

मी तिकीट खिडकीवर बसायचे. चौकापासून बाजारापर्यंत एकेकाळी थिएटरांची रांग होती. एकाचं कपड्यांचं दुकान झालं, एकाचं पार्किंग, एकाला आग लागली की लावली ते देव जाणे. शेवटी दोनच उरली. एक आमचं आणि दुसरं बाजाराच्या पलीकडचं, तिथे लंबू डोअरकीपर आहे. आमच्या मालकांचं वय झालं होतं आणि मुलाला जागा बिल्डरला द्यायची घाई होती. मालकांचा जीव मात्र तुटत होता. त्यांनी जुन्या इमारती जपणाऱ्या समितीकडे अर्ज केला. समितीच्या यादीत नाव लागलं की इमारत कुणाला पाडता येत नाही. सगळं त्यावर अडकलं होतं. आमचं घरही.

समिती बघायला येणार असा निरोप आला तेव्हा मी मुलीच्या बाळंतपणाला गेले होते. परत आले आणि लॉबीत पाय ठेवला तर माझे डोळेच दिपले.

आमच्या लॉबीत एका भिंतीवर गिलाव्यातून उठवलेले बगळ्यांचे थवे होते. थिएटर बांधलं तेव्हा कुणीतरी केलेले. बिड्यांच्या धुराने आणि ओलीने पार काळवंडलेले, कुणाची चोच गेलेली, कुणाचा पाय. त्या जागी आता सोनेरी ऑइल पेंटमध्ये न्हाऊन निघालेले गुळगुळीत बगळे उभे होते. चोची नव्या. भेगा बुजलेल्या. खालच्या जुन्या, ठिपक्याठिपक्यांच्या दगडी फरशीवर चकचकीत टाइल्स. माझ्या खिडकीची लाकडी चौकट आणि पितळी गज भंगारात गेले होते आणि तिथे सरकती काच आली होती. मिस्त्रींच्या नखांत, कानात, भुवयांत सोनेरी रंग होता.

"एकट्याने केलं?"

"मग काय लोकांना बोलावू? मोठी माणसं येणार बघायला. असंच दाखवायचं होय त्यांना, पोपडे निघालेलं?"

मला फार अभिमान वाटला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना काही टोचून बोलले नाही. हो, घरातला नळ अजून गळत होता, पण म्हटलं, जाऊ दे.

समितीच्या बाई आल्या, बरोबर दोन माणसं आणि कॅमेरा. बाईंच्या हातात मालकांनी अर्जाला जोडलेला लॉबीचा फोटो होता. त्या दारातच थांबल्या. एकदा फोटोकडे बघितलं, एकदा भिंतीकडे, मग परत फोटोकडे. मला वाटलं, केवढा फरक पडलाय ते बघतायत. त्या भिंतीजवळ गेल्या आणि एका बगळ्याच्या पंखावर तळहात ठेवला.

"लावा बिनधास्त हात," मिस्त्री म्हणाले. "रंग पक्का वाळलाय."

"फार मेहनत घेतलीत तुम्ही," बाई म्हणाल्या.

मिस्त्रींनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मला हसू आलं.

मग ते त्या दोघा माणसांना बाल्कनी दाखवायला घेऊन गेले, आणि बाई माझ्या खिडकीशी आल्या. त्यांनी विचारलं, हे कधी केलं. मी कौतुकाने सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मग हळू आवाजात त्या बोलू लागल्या. आतलं सगळं मागेच बदललेलं आहे, छत नवं, खुर्च्या नव्या. जुनं म्हणावं असं फक्त ही लॉबी होती. त्या भिंतीसाठी त्या आल्या होत्या.

"म्हणजे तशीच काळी ठेवायची होती?"

"हो. तशीच."

"मग रंग खरवडून काढू. आज काढू."

"नुसता रंग असता तर निघाला असता हो. त्यांनी आधी सगळं घासून सपाट केलंय, मग वर पुट्टी भरलीय. पंखांवरच्या रेघा आता नाहीतच."

माझं डोकं फिरलं. "मग आधी सांगायला काय झालं होतं? नुसतं येतो म्हणून कळवता. कुणी येणार म्हटलं की माणूस आवरून ठेवणार नाही का?"

"सांगायची गरज असेल असं आम्हाला वाटलं नाही," बाई म्हणाल्या. त्यांचाही चेहरा पडला होता. "मी त्यांच्याशी बोलू का?"

"नको," मी म्हटलं. "त्यांना काही बोलू नका. पाया पडते तुमच्या."

नकार आला तो मालकांकडे. त्यांनी आम्हाला बोलावून एवढंच सांगितलं की झालं नाही, आणि तोंड फिरवून बसले. का झालं नाही ते त्यांना कळलं होतं की नाही, मी विचारलं नाही. बिल्डरची माणसं टेप घेऊन मोजमापं करायला लागली. एक दुपारचा खेळ तेवढा चालू होता.

मिस्त्री मात्र कारण शोधत बसले. जेवताना अर्धा घास हातात धरून म्हणायचे, "पंखे. मी कधीचा म्हणत होतो, पंखे बदला. केवढा आवाज करतात." दुसऱ्या दिवशी मुतारीचा वास. मग बाल्कनीचा कठडा राहिला म्हणून हळहळ. "एक आठवडा अजून मिळाला असता ना, तर सगळं एक नंबर करून दाखवलं असतं." मी ताटात बघत म्हणायचे, "पंख्यांमुळेच असेल." खोटं बोलायला मला कधी जड जात नाही, बाजारात तर मुळीच नाही. पण हे एक वाक्य बोलले की मी रोज पाणी आणायला म्हणून उठायचे.

ते वाळत चालले होते. पडद्यामागे पाठ टेकून बसायचे आणि पिक्चर चालू असला तरी मान वर करायचे नाहीत. मला वाटायचं, आपण इथून गेलो की विसरतील. माणूस विसरतो.

आणि मग लंबूचा फोन आला. समिती आता त्यांच्याकडे जाणार होती. "मिस्त्री, या बाबा," म्हणाला. "आमच्याकडे भिंतभर पऱ्या आहेत, धुळीने भुतं झालीयत त्यांची. तुमच्या हाताने जरा नटवून द्या."

मिस्त्री तरतरीत झाले. दाढी केली. ब्रश टर्पेंटाइनमध्ये भिजवले, पिळले, उन्हात मांडले. शिट्टी वाजवत होते. कितीतरी दिवसांनी त्यांनी मला विचारलं, "चहा घेणार का, करू?"

खरं सांगते, माझ्या मनात आधी काय आलं ते. म्हटलं, जाऊ दे ना. आपलं पडतंय तर त्यांचं तरी का उभं राहावं? नवरा शिट्टी वाजवतोय, ते मी का थांबवू? लंबूच्या पऱ्या माझ्या कोण लागतात? त्यांनी केलेला चहा प्यायले. चहात साखर जास्त झाली होती, तेही बोलले नाही.

ते पिशवी भरत होते. पॉलिश पेपर, पुट्टी, ती भरायचा पत्रा, आणि आमच्याकडचा उरलेला सोनेरी डबा.

"इथे जे चुकलं ते तिथे चुकायचं नाही मी," ते म्हणाले. "आधी त्यांना पंखे बदलायला लावतो."

मी पिशवीचा बंद धरला.

"पंख्यांमुळे नाही झालं," मी म्हटलं.

एवढं बोलल्यावर थांबता येईना. बाई खिडकीशी येऊन काय बोलल्या ते जसंच्या तसं सांगितलं. कुठे मऊ करायचं ते मला जमलं नाही, आमच्यात तशी सवय नाही. मिस्त्री डब्याचं झाकण नीट बसलंय का ते अंगठ्याने दाबून बघत राहिले.

"मेहनत घेतलीत, असं म्हणाल्या त्या मला."

"हो."

"तुला कधी कळलं?"

"त्याच दिवशी."

त्यांनी पिशवीतून पत्रा काढला आणि लॉबीत गेले. मी मागोमाग. दुपारच्या खेळाला आलेली चार टाळकी बाकावर बसली होती. मिस्त्रींनी एका बगळ्याच्या पंखाला पत्रा लावला आणि हलक्या हाताने, जखमेवरची पट्टी सोडवावी तसं, खरवडायला सुरुवात केली. सोनेरी साल निघाली. खाली पांढरी पुट्टी. पुट्टीही निघाली, आणि तिच्याबरोबर खालचा, मूळचा हिरवट निळा रंग भुगा होऊन टाइल्सवर पडला. त्यांनी तो भुगा चिमटीत घेतला, उजेडाला धरला. मग दुसऱ्या पंखाला पत्रा लावला. तिथेही तेच. तिसऱ्याला त्यांनी हात लावला नाही.

"अहो, चला आत," मी म्हटलं. "तुम्हाला कुठे माहीत होतं? मला तरी कुठे माहीत होतं? मलाही आवडलंच होतं की."

त्यांनी माझ्याकडे हात पुढे केला. मला वाटलं, आधार हवाय. त्यांना माझा फोन हवा होता.

"लंबू? मी येत नाही," ते म्हणाले. "बरा आहे रे, काही नाही झालं. ऐक नीट. भिंतीला हात लावू नकोस. पुसूसुद्धा नकोस, ओला फडकाही नको. कोळ्याची जाळी असू देत. परीचं नाक गेलं असेल तर गेलं, राहू दे. आणि दुसऱ्या कुणाला करू देऊ नकोस."

पलीकडून लंबू काहीतरी विचारत होता. मिस्त्रींनी डोळे मिटले.

"का म्हणजे? इथे मी लावला हात, म्हणून पडतंय हे."

लंबूला नीट ऐकू गेलं नसावं, कारण मिस्त्रींना तेच पुन्हा सांगावं लागलं, मोठ्याने. बाकावरची माणसं वळून त्यांच्याकडे बघायला लागली.