जेवल्यावर आग

टाकीवाल्याच्या दुकानात एक नियम होता आणि तो त्याने केलेला नव्हता. सकाळी पाणी नि साबण, आग जेवल्यावर. मोटारसायकलची पेट्रोलची टाकी गळायला लागली की लोक ती काढून त्याच्याकडे आणत. दुपारपर्यंत तो ती धुवायचा, आत खडी घालून खडखडवायचा, गंज काढायचा. पण भोकावर वितळत्या धातूची झाळ लावायचा टॉर्च पेटायचा तो बायकोने आणलेला डबा खाऊन, घासून परत पिशवीत गेल्यावरच. "उपाशीपोटी आगीजवळ बसायचं नाही, डॉक्टरांनी सांगितलंय," असं ती म्हणाली होती. कुठल्या डॉक्टरांनी, हे त्याने विचारलं नाही. इतकी वर्षं संसार केल्यावर माणसाला कुठे विचारू नये एवढं कळतं.

नियम आला तो गेल्या वर्षीच्या तापानंतर. ताप गेला, पण जाताना त्याची वास घ्यायची शक्ती घेऊन गेला. पेट्रोल, फुलं, जळका रबर, सगळं सारखंच. टाकी कितीही धुतली तरी सांध्यात, गंजाच्या पापुद्र्याखाली पेट्रोल दडून राहतं आणि त्याची वाफ रिकाम्या टाकीत साठते. त्यात ठिणगी पडली की टाकीही गेली आणि टाकीवालाही. पाण्याने काठोकाठ भरावी, तर भोकाशी पत्रा तापत नाही आणि झाळ धरत नाही. म्हणून टॉर्च पेटवण्याआधी टाकीच्या तोंडाशी नाक नेऊन हुंगायचं, हे या धंद्यातलं सगळ्यात मोठं काम. आणि नेमकं तेच गेलं होतं.

त्याने कोणाला ताकास तूर लागू दिली नाही. वास न येणाऱ्या टाकीवाल्याकडे कोण फिरकणार? गिऱ्हाइकांचं एक वेळ सोडा, बायकोला कळलं तर ती त्याच दिवशी दुकानाला कुलूप ठोकेल आणि त्याला मुलीच्या घरी नेऊन सोफ्यावर बसवेल, याची त्याला खात्री होती. त्या सोफ्याची त्याला आगीपेक्षा जास्त भीती वाटायची. मग तो टाक्या पूर्वीपेक्षा जास्त वेळा धुवायचा आणि हुंगण्याचं सोंग चोख वठवायचा. डब्याचं झाकण निघालं की न चुकता म्हणायचा, "वा! काय वास सुटलाय!"

बायको त्यावर त्याला वाढायला घ्यायची. डबा घासायला नळाकडे जाताना मात्र वाटेतल्या टाक्यांवर वाकून बघायची आणि मध्येच म्हणायची, "ही मळकट दिसतेय हो. परत एकदा साबण घाला."

"टाकीतलं तुला काय कळतं? सगळीकडे नाक खुपसायलाच हवं का?"

"हो, हवं."

घरात शांतता नांदावी म्हणून तो पुन्हा धुवायचा. आपण केवढे समजूतदार, असंही त्याला वाटायचं.

त्या दिवशी ती मुलीकडे गेली होती. नातवाला दात येत होते आणि त्याने घर डोक्यावर घेतलं होतं. जाताना बजावून गेली, "उद्या दुपारपर्यंत येते. डबा शेजारून येईल. जेवल्याशिवाय पेटवायचं नाही." शेजारी म्हणजे सीटवाला. गाड्यांच्या सीटना कव्हर शिवणारा, तोंडाने त्याच्या मशीनपेक्षा जास्त आवाज करणारा.

सकाळीच नर्सबाई आपली टाकी घेऊन आल्या. घरोघरी जाऊन आजाऱ्यांना इंजेक्शनं द्यायचं त्यांचं काम, गाडीवाचून हातपाय बांधल्यासारखं झालेलं. कोणीतरी आधी भोकावर साबण चोळून, वर लांबीचा लगदा थापून, रंग मारून दिला होता. टाकीवाल्याने रंग खरवडला तर एका भोकाची चाळणी निघाली. सगळं त्या रंगाने धरून ठेवलेलं. त्याला क्षणभर कसंसंच झालं. रंग टिकला असता तर ही बाई पेट्रोलच्या गळतीवर बसून गावभर फिरली असती, आणि वरून टाकी कशी छान दिसली असती.

नर्सबाई बाकावर बसून राहिल्या. दर थोड्या वेळाने घड्याळ बघायच्या. त्याने टाकी धुतली, पुन्हा धुतली, पालथी केली, वाळवली. डब्याला अजून अवकाश होता. एखाद्या दिवशी जेवणाआधी पेटवलं तर कोण बघतंय, असा विचार करून त्याने टाकीच्या तोंडाशी नाक नेलं, डोळे मिटले, सवयीने मान डोलावली आणि टॉर्च पेटवला.

फुस्स असा आवाज झाला आणि शेजारचं मशीन थांबलं. सीटवाला तोंडात दोरा धरून धावत आला आणि त्याने आधी टॉर्चच्या सिलिंडरचा कॉक बंद केला.

"थांबा, दादा!" तो टाकीवर वाकला आणि झटक्यात मागे झाला. "अहो, नाकात झणझणतंय! आत अजून आहे."

"तुला कोणी बोलावलं मध्ये?"

"वहिनींनी!" सीटवाला बोलून गेला, आणि मग गप्प बसणं त्याला जमण्यातलं नव्हतं. "त्या नाहीत तोवर तुमच्या टाक्या मी हुंगायच्या. डबा द्यायच्या निमित्ताने जा, त्यांना कळू देऊ नको, म्हणाल्या. तुम्ही आधीच पेटवाल हे मला काय माहीत!"

टाकीवाला खाली बसला. "तिला कधी कळलं?"

"एकदा म्हणे भाजीचा पार कोळसा झाला होता. परत न्यायला त्या हात पुढे करतायत, तोच तुम्ही म्हणालात, काय वास सुटलाय."

त्याला तो दिवस आठवला. ती त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली होती. डॉक्टरांचा नियम दुसऱ्याच दिवशी आला होता.

आधी लाज वाटली, मग राग आला, आणि मग त्याने टॉर्च लांब सारला. भोकांची चाळणी झालेली ती टाकी समोर होती आणि बाकावर नर्सबाई होत्या. त्यांचं काय झालं असतं? सोंग त्याचं होतं, आणि वर्षभर त्याला जिवंत ठेवलं होतं तिने. दुकान बंद करा, एवढं एक वाक्य पुरलं असतं. ते न बोलता ती रोज भर उन्हात डबा घेऊन चालत आली होती. त्याला तिची इतकी आठवण आली की उठवेना.

"उद्या देतो, बाई," तो म्हणाला. नर्सबाई चालत कामाला गेल्या. संध्याकाळपर्यंत तो टाकी धूत राहिला.

दुसऱ्या दिवशी बायको आली तेव्हा नर्सबाई टाकी न्यायला येऊन बसल्या होत्या. तिने डबा पुढे केला. त्याने तो बाजूला ठेवला आणि टाकी उचलून तिच्यासमोर धरली.

"अगं, हुंगून सांग. पेटवू का?"

तिने सीटवाल्याकडे पाहिलं. त्याला अचानक खूप काम आठवलं होतं.

"असं काय हो?" नर्सबाई म्हणाल्या. "काल ऐकलं ते खरं? तुम्हाला वास येत नाही?"

"मला नाही येत," टाकीवाला म्हणाला. "हिला येतो."

बायको वाकली. बराच वेळ तिने तोंड वर केलं नाही. मग पदराने नाक पुसत म्हणाली, "पेटवा."

"जेवायच्या आधी?"

"पेटवा म्हटलं ना."

झाळ छान धरली. नर्सबाई टाकी घेऊन गेल्या. त्याने हात धुतले, डबा उघडला, आणि नेहमीचं वाक्य ओठावर आलं होतं ते गिळलं.

"कसा येतोय वास?" त्याने विचारलं.

ती त्याच्याजवळ बाकावर टेकली. "भाजी थोडी करपलीये," ती म्हणाली.