समुद्र कुठल्या बाजूला

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे. घडी घालून खिशात ठेवायचा नव्हे, आणि शाळेत खिळ्याला टांगतात तसाही नव्हे. मी दारापेक्षा मोठा, लाकडी चौकटीचा, दिव्यांचा नकाशा. एका मोठ्या रेल्वे स्टेशनात चौकशीच्या आणि तिकिटांच्या खिडकीला लागून माझी जागा होती. माझ्या पायाशी पितळी बटणांची ओळ होती. ज्या मार्गाचं बटण दाबाल, त्या मार्गावरचे बारके दिवे माझ्या अंगावर एकदम लागत, आणि आपली गाडी कुठून कुठे जाणार ते माणसाला उभ्या उभ्या कळे. हल्ली मी गोदामात भिंतीकडे तोंड करून उभा आहे. तेव्हा ही माझी कहाणी मी भिंतीलाच सांगतोय असंही कुणी म्हणेल. म्हणू दे. तुम्ही ऐकताय असं मी धरून चालतो.

मला सुताराने घडवलं, पाट्या रंगवणाऱ्या पेंटरने रंगवलं आणि वायरमनने माझ्यात जीव घातला. पेंटर मोठा हौशी होता. डाव्या अंगाला जागा जास्त होती आणि निळा रंगही डब्यात उरला होता, म्हणून त्याने समुद्र ऐसपैस काढला. उजवीकडचे डोंगर मात्र बिचारे दाटीवाटीने बसले. अगदी खाली एक मोठं शहर होतं आणि तिथे जायला दोन मार्ग होते. एक डोंगरातून, दऱ्या आणि धबधबे दाखवत जाणारा. त्याचे दिवे हिरवे. दुसरा समुद्राच्या काठाकाठाने जाणारा. त्याचे दिवे निळे. दोन्ही मार्ग देखणे, दोन्ही लांबचे, आणि दोन्हींचं कौतुक ऐकत मी लहानाचा मोठा झालो. म्हणजे मोठा मी पहिल्यापासूनच होतो, पण तुम्हाला कळलं असेल मला काय म्हणायचंय.

माझे ते दिवस फार सुखाचे होते. मुलं बटणं दाबायला रांग लावत आणि त्यांच्या आया त्यांना ओढून नेत. वायरमन नेमाने यायचा, माझं मागचं दार उघडायचा, धूळ पुसायचा, गेलेला दिवा काढून नवा बसवायचा. एक दिवा गेला तर कुणाचं काय अडणार आहे, असं एकदा हमालांच्या मुकादमाने त्याला विचारलं. वायरमन म्हणाला, "ज्याचं गाव त्या दिव्याखाली आहे त्याला विचार." मला तो माणूस आवडायचा.

अशात एके दिवशी माझ्यासमोर एक शिंपी आणि त्याची बायको येऊन उभे राहिले. स्टेशनाबाहेरच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. तो कापड बेतायचा आणि शिवायचा, ती काजं करायची, बटणं लावायची, हातशिलाई करायची. चौकशीच्या खिडकीतल्या बाई त्याच्याकडूनच कपडे शिवून घेत, म्हणून त्या त्याला मास्तर म्हणत. त्या दिवशी मास्तरांनी बाईंना हळू आवाजात सांगितलेलं मी ऐकलं. बायकोच्या डोळ्यांत काचबिंदू होता. तो फार उशिरा लक्षात आला होता. डॉक्टर म्हणाले होते, औषधं घालत राहा, पण कडेकडेने अंधार आत येत जाईल, आणि एक दिवस पुरता मिटेल. तिने जन्मात दुकानापलीकडे काही पाहिलं नव्हतं. तिला एकदा लांबच्या गाडीने न्यायचं, खिडकीत बसवायचं आणि जे काही सुंदर असेल ते दाखवून आणायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. आता प्रश्न एवढाच होता की डोंगर की समुद्र.

तिने दोन्ही बटणं दाबून पाहिली. हिरवे दिवे लागले, निळे लागले. ती खुदकन हसली आणि म्हणाली, "कुठलाही चालेल. तुम्ही तिकीट काढा."

मास्तर म्हणाले, "असं कसं? एकदाच जायचंय. नीट बघून ठरवू."

हा त्यांचा धंद्यातला नेम होता. माप तीनदा घेतल्याशिवाय ते कापडाला कात्री लावत नसत. कात्री एकदा चालली की मागे येत नाही, असं ते म्हणत. कापडाच्या बाबतीत ते खरंच आहे. पण तोच नेम त्यांनी प्रवासाला लावला. दर आठवड्याला, दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी, दोघं माझ्यापुढे येत. मास्तर बाईंना विचारत, समुद्र गाडीच्या कुठल्या बाजूला दिसतो? डोंगरातली गाडी दरीवरून उजेडात जाते की अंधारात? धबधब्यांना पाणी कधी असतं? किनाऱ्यावर धुकं कधी असतं? एकदा तर त्यांनी गळ्यातली टेप काढली आणि माझ्या अंगावरचा निळा मार्ग मोजला, मग हिरवा मोजला. निळा बराच लांब भरला.

बाई हसून म्हणाल्या, "अहो मास्तर, तो काही मापात काढलेला नाही. पेंटरकडे रंग उरला होता."

मास्तर गोंधळले आणि आणखी एक आठवडा विचार करायला घरी गेले.

तुम्ही म्हणाल, जाताना एका मार्गाने आणि येताना दुसऱ्याने, झालं की. बाईंनीही हेच सुचवलं. मास्तरांचा चेहरा उजळला. मग जरा वेळाने पडला. ते म्हणाले, "पण मग आधी कुठला? तिचे डोळे जाताना जास्त चांगले असणार ना." यावर बाईंनी कपाळाला हात लावला. मास्तरांची बायको मात्र हसली. ती म्हणाली, "मी शिंप्याची बायको आहे. मला वायद्यांची सवय आहे."

असे दिवस जात राहिले. पावसाळा सरला की धबधबे भरलेले असतील म्हणून थांबले, मग थंडीत हवा स्वच्छ होईल म्हणून थांबले. इकडे ती माझ्या अधिकाधिक जवळ येऊन उभी राहू लागली. आधी बाकापाशी उभी राहून ती मला अख्खा बघायची. मग समुद्र पाहायला तिला मान डावीकडे वळवावी लागू लागली, डोंगर पाहायला उजवीकडे. आणि एके दिवशी ती म्हणाली, "समुद्राकडचे शेवटचे दिवे गेलेत वाटतं."

वायरमन तिथेच शिडीवर होता. तो सरळ माणूस. तो म्हणाला, "सगळे लागलेत की, ताई."

मास्तर तिच्याकडे बघत राहिले. त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. तिने ते पाहिलं, कारण समोरचं तिला तेव्हा अजून दिसत होतं. ती लगेच म्हणाली, "हो हो, लागलेत. माझंच लक्ष नव्हतं." त्या दिवसापासून तिने माझ्या एकाही दिव्याबद्दल तक्रार केली नाही. मास्तर विचारत, "सगळे लागले ना?" आणि ती म्हणे, "सगळे."

एकदा मास्तर पाणी आणायला गेले असताना ती बाईंना म्हणाली, "त्यांना जायचंच नाहीये हो. एकदा जाऊन आलो की मग नुसती अंधाराची वाट बघायची, असं वाटतं त्यांना. म्हणून मोजत बसलेत." बाईंनी गजांतून हात काढून तिचा हात धरला.

पुढे माझेही दिवस फिरले. वायरमन निवृत्त झाला आणि त्याच्या जागी कुणी आलंच नाही. भिंतीवर मोठाले पडदे लागले, त्यांच्यावर गाड्यांची नावं पळू लागली. माझे दिवे एकेक करून गेले. आज बदलू, उद्या बदलू असं सगळे म्हणत, आणि प्रत्येकाला ते दुसऱ्या कुणाचं तरी काम वाटे. शेवटी थंड पाण्याचं यंत्र आलं, त्याला जोडायला जागा नव्हती, म्हणून कुणीतरी माझा प्लग काढला आणि त्याचा लावला. त्यानंतर लोक माझ्या शेजारी उभे राहून गार पाणी प्यायचे. मी डोक्यापासून पायापर्यंत अंधारात होतो आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

त्या काळात मास्तरांच्या दुकानात शाळांच्या गणवेशांचं काम चालू होतं, त्यामुळे दोघं बरेच दिवस आले नव्हते. आले तेव्हा तिने त्यांचं मनगट धरलेलं होतं. मास्तर तिला माझ्यापुढे उभं करून खिडकीच्या रांगेत गेले. तिने हाताने चाचपून हिरवं बटण शोधलं आणि दाबलं. टक् असा आवाज झाला. दुसरं काही झालं नाही. मास्तर परत आले आणि माझ्याकडे न बघताच सवयीने म्हणाले, "काय, सगळे लागले ना?"

"सगळे," ती म्हणाली. "डोंगरातले तर आज किती ठळक दिसताहेत."

तेव्हा मास्तरांनी मान वर केली. माझ्यात एकही दिवा लागलेला नव्हता. ते माझ्याकडे बघत राहिले, मग तिच्याकडे. मग त्यांनी स्वतः निळं बटण दाबलं. टक् असा आवाज झाला.

"आणि हे?"

"हेही लागले. समुद्राचे."

मास्तरांचं बोट बराच वेळ बटणावरच होतं. मित्रांनो, तेव्हा एका क्षणापुरती जरी वीज कुणी मला दिली असती, तरी मी जळून गेलो असतो पण तेवढे दिवे लावले असते. मास्तर म्हणाले, "हो. सगळे लागलेत." आणि रांग मोडून ते थेट खिडकीत गेले.

"दोन तिकिटं द्या. उद्याची."

"कुठल्या मार्गाची, मास्तर?" बाईंनी विचारलं.

"जी गाडी आधी सुटते तिची."

आधी सुटणारी गाडी निघाली समुद्राकाठची. परत आल्यावर मास्तर एकटेच बाईंकडे आले. त्या विचारतील या भीतीने ते स्वतःच सांगू लागले. गाडीत त्यांनी तिला खिडकीत बसवलं होतं. ती काचेला कपाळ टेकून बसली. बऱ्याच वेळाने डब्यातली माणसं उठून पलीकडच्या खिडक्यांशी गेली, तेव्हा मास्तरांच्या ध्यानात आलं की समुद्र त्या बाजूला आहे. वर्षभर ज्याच्या त्याला विचारत होते, आणि तिकीट काढताना तेवढंच विचारायचं राहिलं. तिच्या खिडकीबाहेर कापलेल्या कड्याचा काळा खडक होता, दुसरं काही नाही.

"तिने विचारलं, आला का समुद्र? मी म्हटलं, आला," मास्तर म्हणाले. "ती खडकाकडे तोंड करून हसत होती. म्हणाली, किती मोठा आहे हो."

"अहो, मग तिकडे न्यायचं ना तिला," बाई म्हणाल्या. "निदान वारा तरी लागला असता."

"नेलं असतं तर तिला कळलं असतं, की मला कळलंय." मास्तरांनी खिडकीचा गज धरला. "मी तिच्या पाठीमागचा समुद्र बघत होतो आणि तिला सांगत होतो. ती मला सांगत होती. असे आम्ही पोचलो."

त्यानंतर ते कधी स्टेशनात आले नाहीत. थोड्या दिवसांनी मलाही भिंतीवरून उतरवलं. उतरवणाऱ्यांपैकी एकाने गंमत म्हणून माझं बटण दाबून पाहिलं आणि म्हणाला, याचे दिवे कधीच गेलेत. कधीच नाही रे बाबा, एकेक करून गेले, तुमच्या डोळ्यांदेखत. पण नकाशाचं कोण ऐकतं.

मित्रांनो, माझं मागणं मोठं नाही. तुमच्या आसपास एखादा दिवा गेलेला दिसला, तर ज्याचं काम असेल त्याला सांगा, आणि कुणाचंच नसेल तर ते आपलं समजा. आणि घरात कुणी "मला दिसतंय, सगळं दिसतंय" असं फार पटकन म्हणत असेल, तर माप घेत बसू नका. त्याचा हात धरा आणि उद्याच्या गाडीने निघा. डोंगर असो की समुद्र, मी दोन्ही अंगावर वागवलेत, दोन्ही सारखेच सुंदर आहेत. फक्त गाडीत बसण्याआधी, समुद्र कुठल्या बाजूला आहे तेवढं विचारून घ्या.