आठ वर्षांचा शिरका

मोकताईच्या स्वयंपाकघरातली ती चिनी मातीची बरणी मुलाच्या लग्नाच्या आठवड्यात घरात आली, आणि तिला हात लावायची कुणाची छाती नव्हती. आत काळा गोड शिरका आणि ठेचलेलं जून आलं. सून बाळंत झाली की त्यात डुकराचे पाय आणि उकडलेली अंडी शिजवायची, बाराव्या दिवशी वाडगे भरून शेजारीपाजारी पाठवायचे, की झालं. तोंडाने काही सांगावंच लागत नाही. क्वाय चुंग वस्तीतल्या त्या इमारतीत हा वास सुटला की लोक आधी आहेराचं लाल पाकीट शोधतात आणि मग विचारतात, मुलगा की मुलगी.

लग्नाला आठ वर्षं झाली. शिरका बिघडू नये म्हणून मोकताई दर महिन्याला तो उकळायची, आणि उकळताना खिडक्या लावून दाराच्या फटीत ओला टॉवेल कोंबायची. एकदा टॉवेल विसरली, तर समोरची सितोताई पाकीट घेऊन दारात हजर. "अगं बाई, झालं का बाळ?" पोट बिघडलंय असं काहीतरी सांगून मोकताईने दार लावून घेतलं आणि फटीत टॉवेल कोंबला.

सून मान-यी तशी गुणाची, पण डोक्यात वारं शिरलेलं. बँकेतली नोकरी सोडून तिने एका जुन्या कारखान्याचा मजला भाड्याने घेतला आणि तिथे बिअर गाळायला लागली. साधीसुधी नाही, काळीकुट्ट स्टाउट. त्यात कधी सुकी खारी मासळी, कधी वाळवलेली संत्र्याची साल, कधी ती मुरवून काळी केलेली बदकाची अंडी. "जे आम्ही भातावर घेतो ते ही बिअरमध्ये घालते, आणि लोक रांगा लावून पितात," मोकताई म्हणायची. "भात मिळेनासा झालाय का या गावात? आणि आमचे चिरंजीव! इंजिनियर केला, तर रविवारी बायकोची पिंपं घासत बसतो."

अशाच एका रविवारी दोघं सूप प्यायला आली होती. मुलगा ची-हांग बाहेर टीव्हीपुढे लोळत होता. मोकताई स्वयंपाकघरात येऊन बघते तो काय, सुनेने बरणीचं झाकण काढलेलं आणि चमच्याने शिरका चाखणं चाललेलं. एक चमचा. डोळे मिटून दुसरा. मग तिसरा.

"आई," मान-यी दचकून म्हणाली, "ही बरणी मला द्याल?"

"अख्खी?"

"अख्खीच लागेल. पण एवढ्यात कुणाला सांगू नका हं. महिनाभर तरी."

मोकताईच्या हातातला डाव खाली पडला. आता तुम्हीच सांगा, सासूने काय समजायचं? पहिले तीन महिने पोटातल्या बाळाचं नाव काढायचं नसतं, गर्भाचा देव रुसतो. सांगायचं नसतं तसं विचारायचंही नसतं. आणि आंबट खावंसं वाटलं की मुलगा, तिखट खावंसं वाटलं की मुलगी, हे तर इथलं शेंबडं पोरही सांगेल. तीन चमचे! डोहाळे आणखी वेगळे असतात काय?

"ने," मोकताई म्हणाली. "तुझीच आहे ती."

मान-यीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिने सासूचा हात धरला. आठ वर्षांत एकदाही धरला नव्हता. मग तर शंकाच उरली नाही.

मोकताईने हे कुणालाही सांगितलं नाही. फक्त सितोताईला सांगितलं, तेही देवाची शपथ घालून. बुधवारी लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या बाई उगाच हसल्या आणि शुक्रवारी खालच्या भाजीवाल्याने दोन जुड्या वर घातल्या. मोकताईला हे सगळं इतकं गोड वाटत होतं की रागावायचं ती विसरूनच गेली. मुलाला मात्र रोज फोन.

"तिला पिंपं उचलू देऊ नकोस."

"मीच उचलतो गं आई. पहिल्यापासून."

"आणि ती बिअर पिते का रे?"

"चव तर घ्यावीच लागते ना."

"काळीच ना पण? काळीने रक्त भरतं. माझी आई बाळंतपणात रोज एक बाटली प्यायची. घोटभर चालेल, जास्त नको." ची-हांग बरं म्हणाला. तो सगळ्यालाच बरं म्हणतो, बापावर गेलाय.

महिन्याने सुनेचा फोन आला. "आई, शनिवारी दुपारी कारखान्यात या. नक्की या. तुमच्यासाठीच आहे सगळं." मोकताई तडक सोनाराकडे गेली आणि बाळाच्या मनगटाएवढं सोन्याचं कडं घेऊन आली. शनिवारी ती निघाली तशी सितोताईही निघाली. तिला आमंत्रण नव्हतं, पण आमंत्रणावाचून सितोताईचं आजवर काहीच अडलेलं नाही.

कारखान्यात चाळीसेक माणसं अंगठ्याएवढे ग्लास धरून उभी होती. मधोमध औ-यॉंग नावाचा दाढीवाला गृहस्थ. हा फोनवर जितके तारे देईल तितकी बिअर खपते म्हणे, त्यामुळे सगळे त्याच्या नाकाकडे बघत होते. त्याने ग्लास दिव्यासमोर धरून बराच वेळ न्याहाळला.

"काळ्यात काळं काय दिसतंय गं याला?" सितोताई कुजबुजली.

औ-यॉंगने हुंगलं, डोळे मिटले. "जुनं ग्रंथालय," तो म्हणाला. "पावसात भिजलेलं देवदार. आणि मागे कुठेतरी, बंद घर." आजूबाजूच्या पोरांनी भराभर फोनवर लिहून घेतलं. 'बंद घर' शब्दाखाली एकाने तर रेघ मारली.

मग मोकताईच्या हातात ग्लास आला. तोंडाला लावायची गरजच पडली नाही. तो वास दर महिन्याला तिने स्वतः घरात कोंडून ठेवला होता, तो ती ओळखणार नाही तर कोण? तिने सुनेकडे पाहिलं. कमरेला घट्ट बांधलेला एप्रन, आणि एप्रनखाली पोळपाटासारखं सपाट पोट.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाजारात तुरी आणि आपण इथे सोन्याचं कडं घेऊन आलो! आठ वर्षं जपलेला शिरका, आणि तो या दाढीवाल्याच्या घशात! गाढवाला गुळाची चव काय? देवदार म्हणे! चार खणखणीत वाक्यं तिने मनाशी जुळवली आणि गर्दीतून वाट काढत ती सुनेपर्यंत पोचली.

पण मान-यीनेच तिला हाताला धरून टाक्यांच्या आडोशाला नेलं.

"आई, आधी मला बोलू द्या, नाहीतर पुन्हा धीर व्हायचा नाही. त्या दिवशी तुम्ही काही म्हणजे काही विचारलं नाहीत. आम्ही चार वर्षं डॉक्टरांकडे जात होतो. तीनदा राहिलं, तीनदा गेलं. आता डॉक्टरच नको म्हणाले. ची-हांग म्हणायचा, आईला कुठल्या तोंडाने सांगू? तुमच्याकडे यायचं म्हटलं की मला ती बरणी दिसायची. जेवण जायचं नाही. शेवटी म्हटलं, मागूनच बघू. रागावतील, नाही म्हणतील, निदान बोलणं तरी होईल. आणि तुम्ही म्हणालात, ने, तुझीच आहे. मी लिफ्टमध्ये रडले, आई. म्हटलं, आईंना न सांगता कळलं. त्यांनी वाट बघणं सोडलं."

सुतावरून स्वर्ग गाठणं ही आमच्या बायकांची जुनी खोड, पण इथे दोघींनी एकाच सुतावरून दोन वेगवेगळे स्वर्ग गाठले होते. जुळवलेल्या चार वाक्यांपैकी एकही आठवेना. तीनदा गेलं, आणि ही पोर प्रत्येक वेळी आपल्याकडे येऊन मुकाट सूप पिऊन गेली, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं.

तेवढ्यात सितोताईचा आवाज आला. "इथे आहात होय दोघी! मग सूनबाई, कितवा महिना?" तिने सगळ्यांदेखत लाल पाकीट काढून मान-यीपुढे धरलं. चाळीस माणसं वळून बघायला लागली. औ-यॉंगनेही हुंगायचं थांबवलं.

मान-यीने पाकिटाकडे पाहिलं, मग सासूकडे. तिचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला.

सितोताईला कळलं की इमारतीला कळणार, आणि इमारतीत मोकताईने तीस वर्षं नाक वर करून काढली होती. उद्यापासून लिफ्टमध्ये बायका गप्प होतील, ते गप्प होणं तिला आत्ताच ऐकू येत होतं. तिने पाकीट घेतलं आणि परत सितोताईच्या हातात कोंबलं.

"कुठला महिना? काही नाही. मीच वेड्यासारखी काहीबाही बरळले तुझ्यापाशी. जा, सांग सगळ्यांना, म्हातारीचं डोकं फिरलंय म्हणून. पण या पोरीला पुन्हा कुणी महिना विचारला तर गाठ माझ्याशी आहे."

"अगं पण तूच तर शपथ घालून..."

"सितोताई, बिअर पी."

सितोताई प्याली. लोकही हळूहळू पुन्हा आपापल्या ग्लासांकडे वळले.

मान-यी अजून तशीच उभी होती. "आई," तिने अगदी हळू विचारलं, "म्हणजे तुम्हाला त्या दिवशी काहीच कळलं नव्हतं?"

"आज कळलं," मोकताई म्हणाली. "पण दिलेली वस्तू मी परत मागत नाही."

आणि तिने तो ग्लास एका घोटात रिकामा केला.