अठ्ठेचाळिसावी लाइन

दूरसंचारातल्या एम.टेक.ला काय काय लागतं ते मला विचारा. शाळा मी चौथीत सोडली, पण ही यादी मला तोंडपाठ आहे, कारण सुनेने तो कागद स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता आणि साखरेचा डबा काढायला गेलं की तोच समोर यायचा. दहा विषय. दोन प्रयोगशाळा. एक प्रबंध, आणि त्यावर मार्गदर्शकाची सही. मग बाहेरच्या परीक्षकासमोर तोंडी परीक्षा. आणि हे सगळं नाव नोंदवल्यापासून पाच वर्षांच्या आत. एक दिवस वर गेला की आधीचं सगळं पाण्यात.

नाव नोंदवलं तेव्हा माझा मुलगा होता. दुसऱ्या वर्षी गेला. टेलिफोन खात्यात लाइनमन होता तो. खांबावर चढून तारांचे जोड दुरुस्त करायचा, त्यातल्याच एका खांबावरून पडला. त्यानंतर सुनेने अभ्यास सोडावा असं चार नातेवाइकांचं मत पडलं. मी त्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं. दिवसा नोकरी, संध्याकाळी वर्ग, असं करत ती प्रबंधावरच्या सहीपाशी पोचली तेव्हा मुदतीचे सोळा दिवस उरले होते.

प्रबंध होता तारेतल्या आवाजांवर. आमच्या भागातलं जुनं एक्स्चेंज बंद व्हायचं होतं आणि त्याच्यावर अठ्ठेचाळीस लाइनी उरल्या होत्या. प्रत्येक लाइनला आठवडाभर यंत्र लावायचं, जी खरखर येईल ती टिपायची, आणि तक्त्यात तिच्यापुढे कारण लिहायचं. एकाही लाइनीपुढे कारणाचा रकाना रिकामा राहिला तर मार्गदर्शक सही करणार नव्हते. हे मार्गदर्शक म्हणजे ताठ, कोरडा माणूस, खिशात कायम पट्टी. आमच्या घरात त्यांचं नाव फूटपट्टी. मीच ठेवलेलं.

सत्तेचाळीस लाइनींची कारणं सापडली. कुठे जोडात पाणी, कुठे गंज, कुठे उंदरांनी तार कुरतडलेली. अठ्ठेचाळिसावी आमच्या घरची.

सून एके दिवशी भर दुपारी कामावरून आली आणि चपला न काढता माझ्यासमोर बसली. म्हणाली, आपल्या लाइनीत रोज एक वाजून वीस मिनिटांनी दोन टिचक्या आणि एक फुंकर ऐकू येते. मग चार सेकंद शांतता. मग पुन्हा दोन टिचक्या, एक फुंकर. सात दिवस, सात वेळा.

मी पदराने चष्मा पुसायला घेतला. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

हे टिचक्यांचं काय ते सांगायला हवं. जोड बांधून झाला की लाइनमन कमरेचा रिसीव्हर तारेला लावतो, बोलायच्या बाजूवर बोटाने दोन टिचक्या मारतो, एक फुंकर घालतो, आणि एक्स्चेंजला फोन करून लाइन नीट आहे का विचारतो. आमचे चिरंजीव एक्स्चेंजऐवजी घरी फोन लावायचे. नियमात बसत नव्हतं, पण जेवायच्या वेळेला, एक वीसला, कुठल्या ना कुठल्या खांबावरून टिचक्या यायच्याच. मग विचारायचा, आई, ऐकू येतंय का? मी म्हणायची, ऐकू येतंय, आधी खाली उतर आणि जेव. त्याची दुसरी टिचकी पहिलीपेक्षा हलकी असायची, बोट ऐनवेळी लाजावं तशी.

तो गेल्यावर एक वीसला माझा हात आपोआप फोनकडे जाऊ लागला. वाजायचा नाही, मीच उचलायची. दोन टिचक्या मारायची, फुंकर घालायची, ठेवून द्यायची. महिनाभर काही नव्हतं. मग एका दुपारी पलीकडून उत्तर आलं. दुसरी टिचकी हलकी.

मी किंचाळले नाही की चक्कर येऊन पडले नाही. रिसीव्हर ठेवला आणि भांडी घासायला बसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आलं. तीन वर्षं होत आली होती, रोज येत होतं. कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लोकांनी मला डॉक्टरकडे तरी नेलं असतं नाहीतर ते माझ्या गळ्यात पडून रडले तरी असते. एवढं मात्र खरं की फोनवर एक शब्द बोलायचं धाडस माझं कधी झालं नाही. मी, जिने उभ्या गल्लीला बोलून गप्प केलंय.

"पहिल्या टिचक्या माझ्या," मी सुनेला म्हणाले.

"आणि दुसऱ्या?"

"त्याही माझ्याच."

"आई, दुसऱ्यांमधली शेवटची हलकी आहे."

"बोटं म्हातारी झालीत माझी."

सहा वर्षं संसार केला होता तिने त्याच्याबरोबर. ती आत गेली, आणि बराच वेळ नळ वाहत राहिला. बाहेर येऊन म्हणाली, मी खोटं लिहिणार नाही, रकाना रिकामा ठेवीन. मी म्हटलं, मग पुन्हा दहा विषय देशील? तुला कोण खोटं लिहायला सांगतंय? खोटं मी सांगते, तू फक्त मी सांगितलेलं लिही.

फूटपट्टींना मात्र सांगोवांगी चालेना. गुरुवारी यंत्र घेऊन मी स्वतः येतो, म्हणाले, बाईंनी माझ्यासमोर एक वीसला करून दाखवावं. जुळलं तर सही.

तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. मी टिचक्या मारीन, चार सेकंद जातील, आणि माझा हात मोकळा असताना पलीकडून उत्तर येईल. त्या माणसाच्या देखत. संपलंच मग.

गुरुवारी सकाळी सून त्यांना आणायला गेली. घरात मी एकटी. रिसीव्हर उचलला, डायल टोन येत होता. त्याच्यावरच बोलले. मुलाशी तीन वर्षांत पहिल्यांदा.

"हे बघ, तिच्या पाच वर्षांचा प्रश्न आहे. गप्प बसायचं. एक टिचकी मारायची नाही."

लहानपणी पाहुणे आले की याच आवाजात सांगायची मी त्याला.

फूटपट्टींनी यंत्र जोडलं, चहा नको म्हणाले, घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. एक वीसला मी दोन टिचक्या मारल्या, फुंकर घातली. मग चार सेकंद. पोरगं पोटात असताना नऊ महिने एवढे लांबले नव्हते. सून माझ्याकडे बघत नव्हती, रिसीव्हरकडे बघत होती. पलीकडून काही आलं नाही. मग मी पुन्हा टिचक्या मारल्या, एक भरभक्कम, एक लाजलेली, आणि फुंकर घातली. माझ्या बोटाला ते जमेल असं मला वाटलं नव्हतं. इतकं जमलं की सून उठून खिडकीशी गेली.

यंत्रातून कागद बाहेर आला. त्यांनी तो जुन्या कागदाशेजारी ठेवला, पट्टीने मोजला आणि मान हलवली. रोज कशासाठी करता हे, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, लाइन चालू आहे की नाही बघते, टेलिफोन खात्याचा काय भरवसा. ते हसले. त्यांना हसता येतं हे सुनेलाही माहीत नव्हतं. रकान्यात त्यांनी लिहिलं, ग्राहकाने स्वतः केलेला आवाज. खाली सही केली.

तोंडी परीक्षा झाली. सून उत्तीर्ण झाली, मुदतीला तीन दिवस राखून. शेजारणी येऊन गेल्या आणि मी त्यांना सगळी यादी ऐकवली, दहा विषयांपासून.

पण सही झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी, एक वीसला मी फोन उचलला होता. टिचक्या, फुंकर. चार सेकंद, दहा सेकंद. काही नाही. शनिवारी नाही. पुढच्या आठवड्यातही नाही. पाचव्या दिवशी माझ्या लक्षात आलं मी काय करून बसले होते ते. गप्प बस म्हटलं होतं, कधीपर्यंत ते सांगायचं राहिलं होतं. एकदा तो सहा वर्षांचा असताना असंच झालं होतं. पाहुणे संध्याकाळी गेले, मी विसरून कामाला लागले, आणि हा दाराआड तसाच बसलेला, कारण ऊठ म्हणून मी सांगितलं नव्हतं. मला तेव्हा त्या आज्ञाधारकपणाचा अभिमान वाटला होता.

त्यानंतर मी रोज बोलले. अरे, झालं तिचं. पास झाली. आता बोल. विनवण्या मला येत नाहीत, तरी केल्या. डायल टोन संपायचा आणि नुसती खरखर उरायची. ती खरखर कसली ते सुनेने मला सांगितलं, जोडात पाणी आहे म्हणून.

एक्स्चेंज बंद व्हायच्या दिवशी सुनेने अर्धी रजा घेतली. मी तिला बोलावलं नव्हतं. एक वीसला ती माझ्याशेजारी येऊन बसली, माझ्या हातातून रिसीव्हर घेतला, आणि तिनेच दोन टिचक्या मारल्या. फुंकर घातली. मग आम्ही दोघींनी दोन्हीकडून कान लावले, तिचा गाल माझ्या गालाला लागला, आणि बसून राहिलो.

एक वाजून एकतीस मिनिटांनी खरखरही थांबली. तिने रिसीव्हर खाली ठेवला नाही, आणि मी तिला ठेव म्हटलं नाही.