थरथरीची पिल्लं

"पेढा घ्या, मावशी. तुमच्या थरथरीच्या पिल्लांनी कमाल केली!"

चतुराबाईंनी हात धुऊन पदराला पुसले. कॉलेजच्या उंदीरघरातले पिंजरे त्या सांभाळत, आणि तिथे संशोधन करणाऱ्या जहांआरा मॅडम सोडल्या तर कुणाचं ऐकून घेत नसत. सतत थरथरणाऱ्या उंदराच्या मादीला 'थरथरी' हे नाव त्यांनीच दिलेलं.

"औषध लागू पडलं," मॅडम म्हणाल्या. "पिल्लांच्या मेंदूच्या चकत्या बशीत औषध घालून जगवल्या होत्या ना? तिथल्या मज्जातंतूंवर आवरण चढलंय. या थरथरत्या जातीत ते कधीच चढत नाही!"

आवरण म्हणजे काय, हे चतुराबाईंना घरातच कळलं होतं. ते झिजून आधी भावाचे पाय गेले, मग भाऊ. आता मुलगा बन्सी वाळूजच्या कारखान्यातली नोकरी सोडून गारखेड्यात घरी खाटेला खिळलेला. हा आजार आईकडून येतो, असं डॉक्टर म्हणाला, तेव्हा "तुज्या आयनं काय दिलं ते बघ आधी," असं सुनावून त्या उठल्या. घरी मात्र घास उतरला नव्हता.

"मंग माज्या बन्सीला?"

"वेळ लागेल. पण वाट सापडली, मावशी."

पेढा गोड लागला. जरा मिरवावंसंही वाटलं.

"लागू पडंल नाय तर काय! थरथरी हलती, पिल्लांच्या तोंडातलं थान सुटतं. लई उपाशी मरत होती. म्हून म्या ती दिली शेजारच्या पिंजऱ्यातलीला, अन् तिची दांडगी पिल्लं हिला लावली. शेळ्यांत करतो आमी तसं."

"शेजारची मादी तर निरोगी आहे."

"व्हय. थरथरीपासनं तुमी नेली, ती तिचीच पिल्लं."

मॅडमनी पेढ्यांचा पुडा हळूच मिटला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मावशी, ती पिल्लं आजारी नव्हतीच. आवरण औषधानं नाही चढलं. ते त्यांचं त्यांनाच येणार होतं."



"म्या बोलले नसते तर?"

"तर मी खोट्यालाच खरं मानलं असतं."

"मंग तोंड का पाडता? फिरून करा!" त्या खेकसल्या.

थरथरी सकाळीच पुन्हा व्याली होती. लालबुंद पिल्लं थानाला लागत होती, सुटत होती. शेजारच्या पिंजऱ्यात दुसरी बाळंतीण निवांत पडली होती. चतुराबाईंनी तिकडे पाहिलं आणि नजर वळवली.

त्यांनी थरथरीच्या पाठीवर तळवा ठेवला. रोज निजताना बन्सीचे उडणारे पाय धरायच्या, तसाच. दाबायचा नाही, सोडायचाही नाही.

"प्या रं," त्या म्हणाल्या. "म्या धरलीया तिला."