वाक्य खरं पाहिजे

डुलकी वर्गात शिरली, तिनं फळ्याकडे पाहिलं आणि ती दारातच थांबली. फळ्यावर बाईंच्या रेखीव अक्षरात इंग्रजीतलं 'माहीत असणं' लिहिलेलं होतं आणि त्याच्याखाली समबडी, एनीबडी, नोबडी, एव्हरीबडी ही चार भावंडं ओळीनं उभी होती. हाच धडा मागच्या खेपेला झाला होता. त्याच्या मागच्या खेपेलाही हाच झाला होता.

डुलकीचं खरं नाव वर्गात कुणी वापरत नसे. दिवसभर ती इस्पितळाच्या धुलाईघरात उभ्यानं चादरींना इस्त्री करायची, आणि संध्याकाळी सायकल दुकानावरच्या या खोलीत बाकावर टेकली की तिची मान छातीवर यायची. म्हणून बाईंनीच तिचं हे बारसं केलं होतं. तरी ती वर्ग चुकवत नसे. लांबच्या देशात वाढणारी तिची नात फोनवर इंग्रजीशिवाय बोलत नव्हती, आणि आजीला 'हॅलो' आणि 'बाय' यांच्या मधलं काही येत नव्हतं.

"आज नवीन धडा," बाई म्हणाल्या. पांढऱ्या केसांच्या, ताठ कण्याच्या बाई. आयुष्य शाळेत गेलं, आणि निवृत्त झाल्यावरही खडू सुटला नव्हता. "आपण म्हणतो, 'मला माहीत आहे.' म्हणजे माहिती आपली आपण चालत येते आणि मांडीवर बसते. इंग्रजीत असले लाड नाहीत. 'आय नो.' माहीत असणं हे तिथं काम आहे, कुणीतरी ते करावं लागतं."

वर्ग ठरलेल्या जागी हसला.

"नोबडी आला की त्यानं एकदाच 'नाही' म्हणायचं. क्रियापदानं री ओढायची नाही. 'नोबडी नोज.' काटकसरी लोक! आणि एव्हरीबडी म्हणजे गाव जमलं तरी माणूस एकच धरायचा. सगळे मिळून एक. 'एव्हरीबडी नोज.' काय?"

पुढच्या बाकावरच्या ड्रायव्हरनं घडाघडा उत्तरं दिली. त्याच्या शेजारच्या भट्टीवाल्यानं, म्हणजे बेकरीत पाव भाजणाऱ्यानंही दिली. एरवी या वर्गाला शिकवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. बाईंचा चेहरा असा काही फुलला की डुलकीला तिकडे बघवेना.

"काय रे, आज कुणी अक्कल वाटत होतं का जिन्यात?"

जिन्यात अक्कल नव्हे, गप्प बसणं वाटून घेतलं होतं. मागच्या वेळी वर्ग सुटल्यावर ड्रायव्हर म्हणाला होता, "सांगून काय मिळणार? वर्ग बंद पडेल. बाईंना या खोलीशिवाय आहे कोण? एक भाचा, तोही दूर." सगळ्यांनी माना हलवल्या. डुलकीनंही हलवली. आळीमिळी गुपचिळी.

पण डुलकीची गोष्ट वेगळी होती. तिनं शब्द दिला होता.

बाईंची मोठी बहीण गेली, त्या आठवड्यात बाईंनी धडा बाजूला ठेवला होता. "ताई विसरायला लागली तेव्हा घरात सगळ्यांना माहीत होतं," त्या म्हणाल्या होत्या. "तिला सोडून. आम्ही तिच्यापुढे हसायचो आणि तिची पाठ वळली की खुणा करायचो. तिला एवढंच कळायचं की घरात आपल्यापासून काहीतरी लपवतायत. शेवटपर्यंत ती आमच्याकडे चोरांकडे बघावं तशी बघत होती. माझं तसं व्हायला लागलं तर मला तोंडावर सांगायचं. कोण सांगेल?" वर्गानं वह्यांत डोकी घातली. डुलकी तेव्हा पेंगत होती. बाईंनी तिच्या बाकावर टिचकी मारून "तू सांगशील ना?" विचारलं, तशी ती दचकून "यस बाई" म्हणाली. आपण कशाला हो म्हटलं ते तिला जिना उतरताना ड्रायव्हरनं सांगितलं. झोपेतला शब्द, पण दिला तो दिलाच.

"आता वाक्यं," बाई म्हणाल्या. "नियम माहीत आहे. वाक्य खरं पाहिजे. शुद्ध असून खोटं असलं तर शून्य."

भट्टीवाला उठला. "नोबडी नोज माय एज."

"खोटं. बायकोला माहीत असेल."

"तिलाही खोटंच सांगितलंय, बाई."

हशा पिकला. हाही मागच्या वेळचाच होता. मग ड्रायव्हर झाला, मग मागच्या बाकावरच्या दोघी झाल्या. डुलकीची पाळी जवळ आली तसा तिला सगळ्याचाच कंटाळा आला. चादरींचा, जिन्याचा, या शहाण्या लोकांचा. तिच्याकडे एक सोपी वाट होती. तिनं मान खाली घातली आणि डोळे मिटले. झोपेचं सोंग घेतलेल्याला कोण उठवणार?

बाईंची पावलं जवळ येऊन थांबली. "झोपू द्या तिला," त्या हळूच म्हणाल्या. "दिवसभर उभी असते बिचारी." मग खिडकी लावल्याचा आवाज आला. वारा डुलकीच्या मानेवर येत होता, तो थांबला.

हे मात्र तिला सोसवलं नाही. ती उठली.

"एव्हरीबडी नोज समथिंग अबाउट यू, बाई. नोबडी टोल्ड यू."

ड्रायव्हरनं मागे वळून तिच्याकडे डोळे वटारले. बाई सवयीनं म्हणाल्या, "शाब्बास. एकही चूक नाही." मग थांबल्या. "खरं आहे?"

"खरं आहे. हा धडा तिसऱ्यांदा चाललाय, बाई."

बाई हसल्या. त्यांनी ड्रायव्हरकडे पाहिलं. तो फरशीकडे बघत होता. त्यांनी भट्टीवाल्याकडे पाहिलं, तर तो पेनाचं टोपण काढघाल करत होता. खालून दुकानातल्या पंपाचा आवाज येत राहिला.

"विनोदसुद्धा तेच केले मी?"

"तेच."

"आणि तुम्ही हसलात."

बाईंना विसरण्यापेक्षा ते हसणं जास्त लागलं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. "निघा," त्या म्हणाल्या. "सगळे निघा. आणि तू गं, तुला मोठं सगळं कळतं! चार वाक्यं येत नाहीत धड!" कुणी हललं नाही. बाई खुर्चीत बसल्या आणि हातातल्या खडूकडे बघत राहिल्या.

"ताईसुद्धा अशीच चिडायची," त्या म्हणाल्या. आवाज खाली आला होता. "तू शब्द दिला होतास."

"झोपेत दिला होता, बाई."

"जागेपणी पाळलास." त्यांनी पदरानं हात पुसले. "भाच्याला कळवते. डॉक्टरकडेही जाईन. पण जमेल तोवर वर्ग चालेल. विसरले तर सांगायचं. चिडले तरी सांगायचं. आजचं हे विसरले, तर हेसुद्धा सांगायचं. आणि माझ्यावर दया म्हणून हसायचं नाही."

"यस बाई," डुलकी म्हणाली. या वेळी ती टक्क जागी होती.

पुढच्या वर्गाला ती जिना चढली तेव्हा पोटऱ्या ठणकत होत्या. धुलाईघरात एक यंत्र बंद पडलं होतं, सगळा भार हातांवर आला होता. फळ्यावर चार भावंडं ओळीनं उभी होती.

"या, या," बाई उत्साहानं म्हणाल्या. "आज नवीन धडा."

डुलकी बाकावर टेकली. तिला रडावंसं वाटलं. एकदा सांगितलं की सुटलो, असं तिला वाटलं होतं. तोच चेहरा पुन्हा उतरताना बघायचा, तोच राग पुन्हा झेलायचा, आणि बाईंनी तोच घाव पुन्हा पहिल्यांदाच सोसायचा. आज, आणि पुढच्या वेळी, आणि त्याच्याही पुढच्या. बाई मांडीवर येऊन बसणाऱ्या माहितीची गंमत सांगू लागल्या. कुणी हसलं नाही. बाईंनी नवल वाटून वर्गावर नजर फिरवली.

डुलकीनं बाकाची कड धरली आणि अर्धी उठली. तेवढ्यात ड्रायव्हर मागे वळला.

"तू बस," तो हळूच म्हणाला. "दिवसभर उभीच असतेस. आज मी सांगतो."

त्यानं डोक्यावरची टोपी काढून बाकावर ठेवली आणि तो उभा राहिला. "बाई," तो म्हणाला, "एक खरं वाक्य आहे."